खटका का पडतो?

माझी पदवी इलेक्ट्रिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. तरी कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवे गेले की सगळे माझ्याकडेच बघतात, जणू बिल मी भरलं नाही.

मध्यंतरी सकाळी गीझर लावला की बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा खटका, पडायचा. सचिनने आंघोळच बंद केली. त्याला निमित्तच हवं होतं म्हणा. निखिल रबरी स्लिपर घालून लाटण्याने बटण दाबायला लागला. लाटणं लाकडाचं, म्हणून सुरक्षित. ते नुकतंच धुतलेलं आणि ओलंचिंब होतं, ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती.

शेवटी दोघांना समोर बसवलं. "खटका पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत यायला हवा. गेला किती, आला किती, याचा हिशेब तो ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली की वीज बंद."

"म्हणजे २९ पर्यंत शॉक बसला तर चालतो?"

"तसं नाही रे. १५ च्या पुढे तो कधीही पडू शकतो. ३० ला पडलाच पाहिजे."

"'पडू शकतो' म्हणजे नक्की नाही!"

"आणि ही तूट जाते कुठे?" सचिनने विचारलं.

"एलिमेंटला चीर गेली असेल. पाणी आत शिरतं, मग करंट टाकीच्या पत्र्यातून अर्थिंगला..."

'पाणी' या शब्दानंतर कोणी काही ऐकलं नाही.

मग वायरमन आला. कानामागे टेस्टर, तोंडात मावा. "गीझर ओके आहे साहेब. हा डबाच लई नाजूक. बायपास करून देतो, परत पडायचा नाय."

दोघांचे चेहरे असे खुलले की विचारू नका. जीव वाचवणारी एकमेव वस्तू काढून टाकणाऱ्याला ते चहा विचारत होते! मी बोर्डासमोर आडवा उभा राहिलो, तेव्हा कुठे तो गेला.

दुसऱ्याकडून एलिमेंट बदलून घेतलं. जुन्यावर क्षाराचा जाड पांढरा थर, आणि तो खरवडल्यावर खाली केसाएवढी चीर. खटका पडायचा थांबला.

मग एका सकाळी निखिल चिंताक्रांत चेहऱ्याने आला. "हल्ली पडतच नाही रे. बिघडला तर नसेल?"

"त्यावर टेस्टचं बटण असतं. अधूनमधून दाबून बघायचंच असतं."

त्याने तत्काळ दाबलं. आत सचिन डोक्याला शांपू लावून उभा होता.