आप्पांची फाइल

माझे सासरे, ज्यांना घरचे आणि बाजारातले सगळेच आप्पा म्हणत, त्यांच्या वर्षश्राद्धाला आलेले एक नातेवाईक जेवता जेवता सहज म्हणाले, “आप्पा एवढे सरळ, आणि धंदा मात्र खोटं बोलण्याचा!” पंगतीत वाद घालू नये म्हणून मी वाढत राहिले; पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

धुळ्यात पाचकंदीलजवळच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत आप्पांची जाहिरात एजन्सी होती. वर्तमानपत्रांच्या जाहिराती, सिनेमागृहातल्या काचेच्या स्लाइड, आग्रा रोडवरच्या भिंती, सारंगखेड्याच्या यात्रेतले कापडी फलक असे मिळेल ते काम ते घेत. पण त्यांचा जीव रमे तो मजकुरात. वर्तमानपत्र जागेचे पैसे कॉलम सेंटीमीटरने घेते, म्हणजे जाहिरात जितके कॉलम रुंद आणि जितके सेंटीमीटर उंच, त्यांचा गुणाकार करून त्यावर दर लागतो, आणि त्यातले पंधरा टक्के कमिशन एजन्सीचे असते. जाहिरात मोठी झाली तर एजंटाचा फायदाच होतो. तरीही हा माणूस लाल पेन्सिल घेऊन गिऱ्हाइकासमोर विशेषणे खोडत बसे. “‘भव्य’ काढले की अर्धा सेंटीमीटर वाचतो, शेठ. दुकान तर लोकांनी पाहिलेलेच आहे.” आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यावर कपाळाला हात लावत, आणि महिनाअखेरीस किराण्याची यादी पाहिली की मलाही त्यांचेच पटे.

मे महिना उजाडला की कपाशीच्या बियाण्याचे विक्रेते येत. त्यांना ‘भरघोस उत्पन्न’ हे शब्द हवेच असत. आप्पा विचारत, भरघोस म्हणजे किती क्विंटल, कोणाच्या शेतात, बागायती की कोरडवाहू? उत्तर आले तर त्या गावाचे नाव मजकुरात जाई; नाही आले तर फक्त वाणाचे नाव, दुकानाचा पत्ता आणि पावती मिळेल एवढेच. त्यांचे म्हणणे साधे होते: मुंबईची जाहिरात वाचणारा माणूस कारखानदाराला जन्मात भेटत नाही, पण शिरपूर-साक्रीचा शेतकरी दिवाळीला त्याच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. याला तत्त्वनिष्ठा म्हणा की व्यवहार, मला दोन्हींत फार अंतर दिसत नाही.

इथवर लिहून थांबले असते तर आप्पांचा फोटो सुंदर दिसला असता, पण त्यांना तो आवडला नसता.

१९९७ मध्ये मला दुसरी मुलगी झाली. भेटायला येणाऱ्या बायका “लक्ष्मी आली हो” असे ज्या सुरात म्हणत, तो सूर सांत्वनाचा होता, हे बाळंतिणीला कळते. त्याच आठवड्यात एका दुपारी आप्पा दारात खाकरले, कात्रणांची जुनी फाइल घेऊन आत आले आणि एक पान उघडून माझ्यासमोर ठेवले. कुठल्याशा डॉक्टरच्या गर्भजल परीक्षा केंद्राची, ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली, दोन कॉलमी जाहिरात होती. मुलगा की मुलगी, हे आधीच जाणून घ्या, अशा अर्थाचा आटोपशीर, नेटका मजकूर होता. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

“माय, हाई मी लिखेल शे,” आप्पा म्हणाले. घरात प्रमाण मराठी बोलणारे आप्पा फार आतून काही आले की अहिराणीत बोलत. मग जरा वेळाने म्हणाले, “सात रविवार छापली. कमिशन किती मिळाले ते वहीत लिहिलेले आहे. दुसरा आकडा कोणत्याच वहीत नाही.”

तेव्हा तो गुन्हा नव्हता. अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांची जाहिरात करणेही देशभर गुन्हा ठरवले. आप्पांना ही तारखांची पळवाट सहज घेता आली असती. “आम्ही निरोपे, निरोप गिऱ्हाइकाचा” हे या धंद्यातले नेहमीचे वाक्यही होतेच. त्यावर त्यांचे उत्तर असे की दवंडीवाल्याला दवंडीचे पैसे मिळतात, आम्ही मजकुराचे घेतो. मला त्यांचा राग आला, आणि तो बराच काळ टिकला. तो कधी गेला हे मला सांगता येणार नाही. मात्र मला तो मजकूर दाखवण्याची त्यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती, हे मी तेव्हाही विसरले नव्हते.

त्या जाहिरातीनंतर घेतलेला एक शिरस्ता त्यांनी अखेरपर्यंत पाळला. प्रत्येक नवा मजकूर ते घरी आईंना मोठ्याने वाचून दाखवत, आणि जो वाचताना जीभ अडखळे तो परत जाई. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना मनाई करणारा १९५४ चा कायदा आहे. त्यातल्या आजारांची यादी त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मधुमेह, लकवा, अगदी उंची वाढवणेसुद्धा त्या यादीत आहे. मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या एका वैद्याला त्यांनी ती यादी दाखवून परत पाठवले, तर त्याची जाहिरात पुढच्याच रविवारी शेजारच्या गल्लीतल्या एजन्सीमार्फत छापून आली. आप्पांनी तीही कापून फाइलला लावली.

आप्पा गेले त्या रात्री माझे पती निधनवार्तेचा मजकूर लिहायला बसले आणि त्यांनी ‘धुळ्यातील प्रसिद्ध जाहिरात व्यावसायिक’ असे लिहिले. कोपऱ्यात बसलेल्या आई म्हणाल्या, “प्रसिद्ध खोड. प्रसिद्ध माणसाला तसं लिहावं लागत नाही, असं तेच म्हणायचे.” ते खोडले. शोकाकुलच्या खाली आमच्याकडे पुरुषांचीच नावे छापायची रीत आहे; आईंनी दोन्ही नातींची नावे आधी घालायला लावली, तेवढ्याने एक ओळ वाढली आणि जाहिरात अर्धा सेंटीमीटर उंच झाली.

महिनाअखेरीस वर्तमानपत्राचे बिल आले ते नेहमीप्रमाणे एजन्सीच्याच नावावर, पंधरा टक्के कमिशन वजा करून.