अडीच गुणिले दीड

गुणाकार केला की संख्या फुगते, या एकाच भरवशावर माझं अख्खं गणित उभं होतं. सहावीतल्या भाचीने त्याला सुरुंग लावला. "मामा, १२ गुणिले १/३ चार कसे? गुणलं ना आपण?"

"बाराचा तिसरा भाग घेतला, म्हणून चार."

"मग त्याला भागाकार का नाही म्हणत?"

१/३ ने गुणणं आणि ३ ने भागणं एकच, त्यामुळे तिचं अगदीच खोटं नव्हतं. अशा वेळी मी पाणी प्यायला उठतो.

नियम तसा सोपा. अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तो लिहून ठेवला आणि त्यानंतर त्यात कुणी काना-मात्रेचाही फरक केलेला नाही. पण मुलांना बेरीज आधी शिकवलेली असते. छेद समान करायचे, हे पोरीच्या इतकं अंगात भिनलंय की २/३ गुणिले ३/४ दिसताच ती लसावि काढायला बसते. ८/१२ गुणिले ९/१२, झाले ७२/१४४. आणि वैताग असा की उत्तर बरोबर! ७२/१४४ म्हणजे १/२ च. वरच्या ३ ने खालचा ३ उडवला असता, २ ने ४ चे २ केले असते, तर पाटीभर आकडे वाचले असते. चूक असली तर निदान रागावता येतं. फुकटच्या कष्टांना दात-ओठ खात 'शाब्बास' म्हणावं लागतं.

बरं, काटाकाटी शिकवावी, तर तिची अशी चटक लागते की मध्ये अधिकचं चिन्ह असलं तरी पेन्सिल थांबत नाही.

खरा घाम काढला तो पूर्णांकयुक्त अपूर्णांकांनी. अडीच गुणिले दीड. तिने दोन एके दोन केले, अर्ध्याचं अर्धं पाव केलं आणि सव्वादोन लिहून मोकळी झाली. इतकं देखणं उत्तर चूक म्हणायला माझीही जीभ रेटेना.

"अगं, अडीचला दीडने गुणलंय. अडीचपेक्षा कमी कसं येईल?"

"मगाशी तूच म्हणालास, गुणलं तरी कमी होतं."

हा गुण माझ्या बहिणीचा. लहानपणी त्याचे तडाखे मीच खाल्लेत. एकाहून लहान संख्येने गुणलं तर घटतं आणि मोठ्या संख्येने गुणलं तर वाढतं, हे सांगून पटेना, तेव्हा कागदावर आयत काढला. लांबी अडीच, रुंदी दीड. त्याचे चार तुकडे पडले: दोन, एक, अर्धा आणि पाव. बेरीज पावणेचार. तिने समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोनच तुकडे मोजले होते.

"मग हा दीड कुठे गेला होता?" मी फौजदारी आवाजात विचारलं.

"तू आयत काढेपर्यंत तो नव्हताच."

शेवटी रीतसर ५/२ गुणिले ३/२ केलं, १५/४ आले, त्याचे पुन्हा ३ पूर्णांक ३/४ केले. "परत तसंच लिहायचं होतं तर आधी मोडलं कशाला?" याचं उत्तर आत्ताच तर आयताने दिलं होतं, पण ते पुन्हा समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

जरा गोडी लागावी म्हणून मी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला कंजूष बाहेर काढला. ११५० सालचा हा गृहस्थ. याचकाला त्याने काय दिलं? एका द्रम्माच्या (त्या काळचं नाणं) अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग! भाचीचे डोळे चमकले. काटाकाटीला एवढं मोठं रान तिला कधीच मिळालं नव्हतं. २ उडाला, ३ उडाला, आणि उरले १/१२८०. द्रम्म १२८० कवड्यांचा, म्हणजे दान एका कवडीचं.

"मग सरळ एक कवडी द्यायची ना!"

"सरळ दिली असती तर गणित कसं झालं असतं?"

"तेच म्हणतेय मी."