नाव पुसून पुढे पाठवलेल्या कविता

पुन्हा तेच! कुणाची तरी सुंदर कविता, खाली नाव नाही, आणि वर 'खूप आवडली म्हणून पाठवतेय'. आवडली ना? मग लिहिणाऱ्याचं नाव राहू द्यायला काय हरकत होती? काही जण तर नाव पुसून तिथे स्वतःचं टाकतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती, म्हणजे सगळ्यांचीच."

नाही हो, सगळ्यांची नसते! आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कविता कागदावर उतरली की त्या क्षणी हक्क कवीचा. नोंदणीची सक्ती नाही, कसलं चिन्ह छापायचीही गरज नाही. कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. आणि कलम ५७ तर कुणी वाचलेलंच नसतं: हक्क प्रकाशकाला विकून टाकले, तरी 'हे मी लिहिलंय' म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

"आम्ही कुठे पैसे कमावतोय?" हे ऐकलं की डोकंच फिरतं. नवंकोरं पुस्तक स्कॅन करून त्याची पीडीएफ ग्रुपवर टाकायची आणि म्हणायचं, वाचनसंस्कृती वाढवतोय! अरे, लेखकाची रॉयल्टी बुडाली त्याचं काय? परीक्षणात चार ओळी घ्या, कलम ५२ तेवढी मुभा देतं. अख्खं पुस्तक वाटायची नाही.

सगळ्यात संताप कधी येतो? कवयित्री स्वतः ग्रुपवर येऊन सांगते, "ही माझी कविता आहे", आणि लोक तिच्याकडेच पुरावा मागतात!