लांबचं मोठं घर आणि न मोजलेले तास

मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या कुटुंबांना एक सल्ला सतत मिळत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. शहरातल्या खुराड्यात राहण्यापेक्षा दीड तास लांब जा, त्याच पैशात दुप्पट घर मिळेल, बचत होईल, प्रवासाची महिनाभरात सवय होईल, मुलं मोकळ्या हवेत वाढतील. शिवाय नवा रस्ता होतोच आहे आणि हल्ली अर्धी कामं घरूनच होतात. लोक हा मजकूर मनापासून पुढे पाठवतात, कारण त्यातलं एकेक वाक्य सुटं वाचलं की पटतं. माझा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. यात घर मोजलंय सगळ्या कुटुंबाचं आणि प्रवास मोजलाय एकाच माणसाचा, तोही रस्ता रिकामा असलेल्या दिवशीचा.

‘त्याच पैशात दुप्पट घर, म्हणजे बचत’

घर मोठं मिळतं, यात वाद नाही. पण ते स्वस्त का असतं, हे या मजकुरात कुठेच येत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये शहरातल्या जमिनीच्या किमतींची जी मांडणी केली, ती आजही नगर-अर्थशास्त्रात पहिल्या धड्यासारखी शिकवली जाते. मध्यापासून दूर जावं तशी जागेची किंमत उतरते, कारण तिथे राहणाऱ्याला रोजच्या ये-जा करण्याचा खर्च आणि वेळ सोसावा लागतो. म्हणजे ही सवलत विकणाऱ्याची मेहेरबानी नसते. पुढची पंधरा-वीस वर्षं तुम्ही जो प्रवास करणार आहात, त्याची ती आगाऊ भरपाई असते. ती पुरेशी आहे की नाही, हे ज्याचं त्यानं बघायचं. पण तिला बचत म्हणणं म्हणजे कामाआधी मिळालेल्या पगाराला बक्षीस समजणं.

शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेनं याच कारणासाठी घराचा आणि प्रवासाचा खर्च वेगवेगळा न बघता एकत्र बघायला सुरुवात केली. त्यांच्या निकषात घर आणि प्रवास मिळून खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत राहिला, तर ती जागा परवडणारी. अशी बेरीज केली की लांबची बरीचशी ‘स्वस्त’ घरं महाग ठरतात, आणि त्यामागे बहुतेकदा दुसरं वाहन असतं. जिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते, तिथे दोन कमावत्या माणसांचं एका गाडीत भागत नाही. मासिक हप्ता कमी झाला म्हणून आनंद मानायचा आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती वेगळ्या खात्यात लिहायची, हा आपण स्वतःलाच दिलेला चकवा आहे.

वेळेची बेरीजही करून बघा. एका बाजूला एक तास वाढला तर दिवसाला दोन तास. वर्षात कामाचे २२० दिवस धरले तर ४४० तास, म्हणजे आठ तासांचे ५५ दिवस. घरातले दोघंही जात असतील तर ११०. दुप्पट घराच्या जाहिरातीत हा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

‘प्रवासाची सवय होते’

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, आणि सगळ्यात कच्चंही. माणसाला सवय होते, पण कशाची? जे रोज सारखंच असतं त्याची. मोठ्या बैठकीच्या खोलीची सवय फार लवकर होते. दुसऱ्या वर्षी ती मोठी वाटेनाशी होते. प्रवासाचं उलटं आहे. तो रोज नव्यानं छळतो. काल ५० मिनिटं लागली, आज ८५, उद्या गाडी रद्द. पोहोचू की नाही ही धाकधूक रोज सकाळी ताजी असते. म्हणून सरासरी वेळेपेक्षा वेळेतला चढउतार जास्त जाचतो. रोज नेमानं ६० मिनिटं लागणारा रस्ता, कधी ३५ तर कधी ९० लागणाऱ्या रस्त्यापेक्षा बरा, कारण दुसऱ्या रस्त्यासाठी निघताना ९० मिनिटं हाताशी ठेवूनच निघावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातली कामं एकेक करून आठवायला आणि त्या त्या वेळी कसं वाटत होतं ते नोंदवायला सांगितलं. दिवसभरातल्या सगळ्या कामांमध्ये सकाळचा प्रवास तळाला आला, ऑफिसच्या कामाच्याही खाली. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या दीर्घकालीन पाहणीची आकडेवारी तपासली. त्यांचा प्रश्न असा होता: लांबून येणाऱ्याला स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळत असेल, तर एकूण समाधान सारखंच दिसायला हवं. ते सारखं दिसलं नाही. प्रवास जितका लांब, समाधान तितकं कमी. म्हणजे ती आगाऊ भरपाई अपुरी पडत होती आणि लोकांना सौदा करताना ते कळलं नव्हतं.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही त्या मजकुरासारखंच वागेन. ब्रिटनमधल्या आकडेवारीवर २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात एकूण आयुष्याच्या समाधानाशी प्रवासाच्या लांबीचा असा ठळक संबंध सापडला नाही. आणि कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत लोकांना आदर्श प्रवास किती असावा असं विचारलं, तेव्हा सरासरी उत्तर शून्य आलं नाही, सुमारे १६ मिनिटं आलं. घर आणि काम यांच्यामध्ये थोडं अंतर माणसाला हवंच असतं. त्यामुळे ‘प्रवास म्हणजे दुःखच’ असं माझं म्हणणं नाही. पण १६ मिनिटं आणि ९० मिनिटं यांत जो फरक आहे, तो ‘सवय होईल’ एवढ्या दोन शब्दांनी भरून निघत नाही.

ब्रिटनच्याच आकडेवारीतून २०११ मध्ये निघालेली एक गोष्ट मला या सगळ्यात मोलाची वाटते. रॉबर्ट्स, हॉजसन आणि डोलन यांना दिसलं की प्रवासाचा मानसिक आरोग्यावर वाईट परिणाम स्त्रियांमध्ये दिसतो, पुरुषांमध्ये तसा दिसत नाही. त्यांनी याचा संबंध घरकाम आणि मुलांच्या जबाबदारीशी जोडला. प्रवास तोच, पण एकीला वाटेत पाळणाघर गाठायचं असतं आणि घरात शिरताच दुसरी पाळी सुरू होते. ‘सवय होते’ म्हणणारा माणूस बहुतेकदा स्वतःच्या प्रवासाबद्दल बोलत असतो. त्याला सवय झालीही असेल. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारलंत का?

‘मुलांसाठी लांब राहिलेलंच बरं’

या मुद्द्यावर भलेभले गप्प होतात. आईवडिलांनी स्वतःच्या सोयीसाठी जवळचं घर निवडलं की त्यांना अपराधी वाटायला लावणं सोपं जातं.

मोकळी जागा मुलांना हवी, हे मान्य. पण मोकळी जागा असणं आणि मुलाला तिथे एकट्याला जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं शाळेत मोठ्या माणसाशिवाय जात होती. १९९० मध्ये तेच प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. वाहनांची भीती हे त्याचं मोठं कारण होतं. लांबच्या वसाहतींमध्ये शाळा, मैदान, मित्राचं घर, शिकवणी असं सगळं वेगवेगळ्या दिशांना आणि मध्ये भरधाव रस्ता, अशी रचना बऱ्याचदा असते. मग मुलाला प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सोडावं लागतं, आणि ते कुणीतरी शहरातून परत यायच्या वाटेवर असतं. उलट दाट वस्तीत, शाळा चालत दहा मिनिटांवर असेल तर घर लहान असूनही मुलाचं स्वतःचं जग मोठं असू शकतं. असतंच असं नाही. काही मध्यवर्ती वस्त्या मुलांसाठी खरोखर वाईट असतात, आणि काही लांबची जुनी गावं उत्तम. म्हणून जागा बघताना अंतर नंतर विचारा. आधी विचारा की दहा वर्षांचं मूल इथून एकटं कुठे कुठे जाऊ शकेल.

दुसरा प्रश्न शाळेच्या फोनचा. मुलाला ताप आलाय, घेऊन जा, असा फोन दुपारी आला तर किती वेळात कोण पोहोचेल? दोघंही दीड तासावर असतील तर उत्तर ‘शेजारी’ असतं. तो शेजारी कोण, हे घर घेण्याआधी माहीत असेल तर गोष्ट वेगळी, बहुतेकदा नसतं. मग काही महिन्यांत एक जण नोकरी बदलतो, कमी पगारावर घराजवळचं काम धरतो किंवा सोडूनच देतो. तो ‘एक जण’ कोण असतो, हे मी सांगायची गरज नाही. दुप्पट घराची ही खरी किंमत, आणि कुठल्याच कर्जाच्या कागदावर ती छापलेली नसते.

हवेबद्दल दोन वाक्यं पुरेत. लांब राहिल्यानं हवा चांगली मिळते की नाही, हे महामार्ग, कारखाने आणि वारा यांवर ठरतं, अंतरावर नाही. आणि रोज गर्दीच्या रस्त्यावर तीन तास गाडीत काढणाऱ्यानं स्वच्छ हवेसाठी लांब आलो म्हणावं, हे जरा गमतीचंच.

‘तो वेळ वाचनात, कामात घालवता येतो’

बसायला जागा मिळत असेल आणि गाडी बदलावी लागत नसेल, तर होय. उभ्यानं प्रवास असेल किंवा हातात स्टिअरिंग असेल, तर नाही. एवढंच.

‘नवा रस्ता होतोय, मग अर्ध्या तासात’

जाहिरातीतलं अंतर नेहमी मिनिटांत असतं आणि ती मिनिटं पहाटे तीनची असतात.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला. काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा वाढला. हा अपवाद नव्हे. जिल डुरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवलं की मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, वाहनांनी कापलेलं अंतरही जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढतं. रस्ता मोकळा झाला की आणखी माणसं आणखी लांब राहायला जातात. चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी असो वा गाडीत, दिवसाला साधारण तासभरच प्रवासाला देतो. वेग वाढला की तो वाचलेला वेळ घरी आणत नाही, घर दूर नेतो. आणि ज्या रस्त्याच्या भरवशावर तुम्ही घर घेता, त्याच्याच भरवशावर शेजारच्या दहा इमारतीही उभ्या राहत असतात.

रेल्वेचं थोडं वेगळं आहे, कारण तिला स्वतःचा मार्ग असतो आणि पुढच्या मोटारीमुळे ती अडत नाही. पण तिथेही धावणारी गाडी आणि नकाशावरची ठिपक्यांची रेघ यांत फरक करा. ठिपक्यांची किंमत विकणारा आजच लावतो. गाडी मात्र तुम्हाला तिच्या वेळेनं मिळते, आणि ती वेळ पुढे ढकलली गेली तर भरपाई कुणी देत नाही.

‘आता घरूनच काम चालतं’

या मुद्द्यात सगळ्यात जास्त दम आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आठवड्यात दोनच दिवस जायचं असेल आणि एका बाजूला ९० मिनिटं लागत असतील, तर आठवड्याचे सहा तास होतात. पाच दिवस जाणारा, ३० मिनिटांवर राहणारा माणूस पाच तास घालवतो. म्हणजे फरक एका तासाचा. अशा कुटुंबानं लांब जाणं अगदी शहाणपणाचं ठरू शकतं, आणि त्यांना उगाच घाबरवू नये.

अडचण मुदतीची आहे. कर्ज वीस वर्षांचं आणि घरून काम करण्याची मुभा व्यवस्थापनाच्या पुढच्या ईमेलपर्यंतची. २०२० मध्ये घरी पाठवलेल्यांना पुढच्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी परत बोलावलं. ॲमेझॉननं तर जानेवारी २०२५ पासून ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांसाठी आठवड्याचे पाचही दिवस सक्तीचे केले. म्हणून हिशेब पाच दिवसांचा करा. तो जमत असेल तर दोन दिवसांचा काळ सुखाचा जाईल. पाच दिवसांचा हिशेबच झेपत नसेल, तर तुम्ही घरावर नाही, मालकाच्या मर्जीवर पैसे लावताय. नोकरी बदलायची वेळ आली तर? शहराच्या एका टोकाबाहेर राहणाऱ्याला दुसऱ्या टोकाची नोकरी घेताच येत नाही. जवळ राहणाऱ्याच्या भाड्यात हा पर्यायही येतो.

‘आत्ता घेतलं नाही तर कधीच नाही’

मजकुराच्या शेवटी ही घाई असतेच. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: जिथे घर घ्यायचंय तिथेच आधी भाड्यानं राहा, सहा महिने तरी, आणि त्यात पावसाळा किंवा कडाक्याचा हिवाळा, म्हणजे तिथला जो वाईट ऋतू असेल तो, येऊ द्या. तेवढंही शक्य नसेल तर कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, दोघांनीही आपापल्या कामाच्या ठिकाणापर्यंत दारापासून दारापर्यंत जाऊन या. मध्ये पाळणाघराचा फेरा धरा. रविवारी दुपारी गाडीनं जाऊन नमुना घर बघणं यात धरू नका. परत आल्यावर दोघांचे तास एका कागदावर लिहा, आणि ज्याचे जास्त भरतील त्याला आधी बोलू द्या.