‘ब्रुसेल्सचे बाबू कायदे करतात’ म्हणे!

द्राक्ष निर्यातीच्या चर्चेत एक मेसेज फिरतो: ‘युरोपियन युनियनचे कायदे ब्रुसेल्समधल्या मुख्यालयातले न निवडलेले बाबू बंद दाराआड करतात, तिथली संसद नावापुरती आहे आणि ते कायदे आपल्याला वाचायलाही मिळत नाहीत.’ यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा, कारण यावर विश्वास ठेवून नियम वाचलेच नाहीत तर नुकसान आपल्याच बागायतदाराचं होतं.

बाबू कायदे करतात? प्रस्ताव मांडण्याचा हक्क जवळजवळ फक्त युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेकडे आहे, हे खरं. पण बहुतेक विषयांत तो प्रस्ताव संसद आणि २७ देशांच्या मंत्र्यांची परिषद या दोघांनी मंजूर केल्याशिवाय कायदा होत नाही. संसदेचे ७२० सदस्य थेट मतदानाने निवडून येतात.

नावापुरती संसद? २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव याच संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांबाबत मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. मूळ कायदा, म्हणजे नियमन ३९६/२००५, संसदेने आणि परिषदेने केला. पण कुठल्या औषधाचा किती अंश चालेल हे आकडे कमिशन ठरवतं, तेही अन्नसुरक्षा संस्थेचं शास्त्रीय मत घेऊन आणि सदस्य देशांच्या समितीपुढे मतदानाला ठेवून. तिथेही संसद आडवी येऊ शकते. जानेवारी २०२४ मध्ये थायाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या मर्यादांचा मसुदा तिने अडवला. म्हणजे आकडे अधिकारी लिहितात, पण त्यांच्यावर अंकुश आहे.

बंद दार? संसद, परिषद आणि कमिशन यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटी बंद खोलीत होतात आणि हा दोष मला गंभीर वाटतो. २०१८ मध्ये युनियनच्या सर्वसाधारण न्यायालयानेही या वाटाघाटींचे कागद सरसकट दडवता येणार नाहीत, असं बजावलं.

‘वाचायला मिळत नाहीत’ हा दावा तर निव्वळ खोटा. युर-लेक्स या सरकारी संकेतस्थळावर युनियनचे कायदे २४ भाषांत फुकट आहेत, इंग्रजीतही. नियमनाचा क्रमांक आणि वर्ष टाका. सगळ्या दुरुस्त्या घालून केलेली एकत्रित आवृत्ती उघडा आणि तिच्यावरची तारीख आधी पाहा. ही आवृत्ती केवळ सोयीसाठी असते. कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य मजकूर राजपत्रातलाच, म्हणून खरेदीदाराशी वाद झाला तर दुरुस्तीचं मूळ राजपत्र काढून दाखवा.