"शेवटी डेटाच जिंकतो" म्हणणाऱ्यांसाठी

चार दिवस झाले एक मेसेज फिरतोय, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणणं असं की फोटो ओळखणारं एआय म्हणजे नुसता डेटाचा खेळ, ज्याच्याकडे जास्त फोटो तो जिंकला, आणि कमी डेटावर रिसर्च करणारे प्रोफेसर सरकारी पैशावर टाइमपास करतायत. आता एकेक बघू.

"२०१२ ला अलेक्सनेट जिंकलं ते इमेजनेटच्या फोटोंमुळे." (अलेक्सनेट म्हणजे त्या वर्षीची फोटो ओळखायची स्पर्धा जिंकलेलं नेटवर्क, आणि इमेजनेट म्हणजे नावं लावलेल्या फोटोंचा मोठा साठा.) फोटो बारा लाख होते हे खरंय, पण पॅरामीटर, म्हणजे शिकताना नेटवर्क आत बदलत जातं ते आकडे, सहा कोटी होते राव! एवढ्यावर नेटवर्क घोकंपट्टीच करणार, हे अलेक्सनेट बनवणाऱ्यांनीच रिसर्च पेपरात लिहिलंय, म्हणून त्यांनी तेच फोटो कापून, डावं-उजवं पलटून पुन्हा पुन्हा वापरले. कुत्रा पलटला तरी कुत्राच राहतो हे डेटाने नाही सांगितलं, माणसाने सांगितलं. आणि एकच छोटा फिल्टर फोटोभर फिरवायचा, म्हणजे मांजर कुठल्याही कोपऱ्यात असलं तरी सापडेल, ही कन्व्होल्यूशनची आयडिया तर जपानी संशोधक फुकुशिमांच्या १९८० च्या कामातच आहे.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत यान फान खेमर्ट यांचा ग्रुप नेमकं हेच करतो, जे आपल्याला आधीच माहितीये ते नेटवर्कच्या रचनेतच घालायचं म्हणजे ते शिकवण्यात फोटो खर्ची पडत नाहीत. २०२० पासून त्यांनी यावर स्पर्धाही घेतल्या, त्यात इमेजनेटच्या दर प्रकाराचे फक्त ५० फोटो मिळाले, आणि आधी शिकलेलं मॉडेल आणायचं नाही, सगळं शून्यापासून. त्याच वर्षी कायहान आणि फान खेमर्ट यांनी दाखवलं की कन्व्होल्यूशनसुद्धा चीटिंग करतं, फोटोच्या कडांचा आधार घेऊन वस्तू कुठल्या कोपऱ्यात आहे ते ओळखून ठेवतं. कडांचा हिशोब नीट केला की फायदा होतो, आणि तो जास्त कुठे, तर छोट्या डेटासेटवर.

"कमी पडले तर अजून फोटो काढा." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०१५ चं यू-नेट घ्या, म्हणजे मायक्रोस्कोपच्या फोटोत कुठली पेशी कुठे ते आखून देणारं नेटवर्क, माशीच्या अळीच्या मज्जासंस्थेचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो किती, तर ३०. पेशीन् पेशी हाताने रंगवायला तज्ज्ञ बसवायचा, तो काय रस्त्यावर मिळतो? किंवा डेल्फ्टचंच २०२१ चं काम, रात्रीचा एकही फोटो न दाखवता दिवसाच्या फोटोंवर शिकलेलं नेटवर्क रात्री जास्त चांगलं चालवलं. कशाच्या जोरावर, तर प्रकाश पदार्थावरून कसा परततो त्याच्या कुबेल्का-मुंक थिअरीवर, जी १९३१ मध्ये रंगाच्या थरांसाठी मांडली होती. (मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.)

"ट्रान्सफॉर्मर आले, रचनेची गरज संपली." ट्रान्सफॉर्मर म्हणजे फिल्टर न फिरवता फोटोचे तुकडे पाडून ते एकमेकांशी ताडून बघणारं नेटवर्क. २०२० च्या व्हिजन ट्रान्सफॉर्मरला गूगलच्या घरातले ३० कोटी फोटो लागले, नुसत्या इमेजनेटवर तो तेवढ्याच आकाराच्या रेसनेट या कन्व्होल्यूशनवाल्या नेटवर्कच्या मागे राहिला. लगेच डेइट नावाचा ट्रान्सफॉर्मर आला, फक्त इमेजनेट, एक मशीन, आठ जीपीयू (ग्राफिक्स चिप), तीन दिवसांच्या आत काम. आणि ज्याची उत्तरं बघून तो शिकला, असे सगळ्यात चांगले गुरुजी त्याला कोण मिळाले? कन्व्होल्यूशनवालं नेटवर्क.

एक मान्य करतो. ऑफिसात मी पण मोठं तयार मॉडेल उचलतो आणि थोड्या फोटोंवर फाइन-ट्यून करतो, म्हणजे माझ्या कामापुरतं पुढे शिकवतो, बहुतेक वेळा तेच परवडतं. आणि घातलेलं ज्ञान चुकीचं असेल तर वाटच लागते. हाताने लिहिलेले मराठी आकडे ओळखायचे होते तेव्हा मी सवयीने फोटो पलटायचं ऑप्शन चालू ठेवलं, ३ आणि ६ चा पार गोंधळ. दोन दिवस अजून फॉर्म स्कॅन करत बसलो, डेटा कमी पडतोय म्हणून. मग चहा पिताना एकाने कागदावर ३ काढला आणि आरशात धरला.