‘उलट्यांवर रामबाण’ म्हणे गांजा!

काल रात्री ताईने मला तो मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, यात तर औषध म्हटलंय.” मेसेज तुम्हीही पाहिला असेल: गांजा म्हणजे साधी वनस्पती, त्याचं व्यसन लागत नाही, मन शांत होतं, मळमळ-उलट्यांवर तो रामबाण आहे आणि गांजाने आजवर एकही माणूस मेलेला नाही. ताईचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षं रोज गांजा ओढतोय. म्हणून गप्प बसवत नाही.

वनस्पती आहे, बरं. धोतराही वनस्पतीच आहे.

व्यसन लागत नाही हे साफ खोटं. गांजा घेणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्यात अडकतात, आणि कोवळ्या वयात सुरुवात केली असेल तर सहातला एक. रोजचा गांजा बंद केला की झोप उडते, भूक मरते, माणूस सगळ्यांवर खेकसतो.

आता त्या रामबाणाचं. केमोथेरपीच्या उलट्यांवर टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून आहे. हे कबूल. पण ती मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात. तेच द्रव्य वर्षानुवर्षं रोज अंगात गेलं की काही जणांत नेमकं उलटं होतं.

माझा भाचा दर दीड-दोन महिन्यांनी पहाटे उठून ओकायला लागतो, पिवळं पित्त पडेपर्यंत. मग शॉवरखाली बसतो. पाणी इतकं कढत की पाठ लालबुंद होते. बाहेर आला की पुन्हा मळमळ, पुन्हा आत. ताई म्हणते, ॲसिडिटी. २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच चित्र मांडलं होतं. त्यांचे ९ रुग्ण आणि आधी प्रसिद्ध झालेला एक, अशा दहापैकी नऊ जणांना उलट्या सुरू झाल्या की अंघोळीचं हेच वेड. सात जणांनी गांजा सोडला, उलट्या थांबल्या. तिघांनी सोडला नाही, त्यांच्या चालूच राहिल्या. मधे सोडून पुन्हा ओढून पाहणारेही तिघे होते. तिघांनाही त्रास परत सुरू झाला. आणखी काय पुरावा हवा? या आजाराला आता कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम असं नाव आहे. त्यात अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि मृत्यूही नोंदले गेले आहेत. ‘एकही माणूस मेलेला नाही’चं उत्तर यातच आलं.

मन शांत होतं? धूर ओढल्यावर तासभर होत असेल. पण २०१९ च्या ‘लॅन्सेट सायकिॲट्री’तल्या अभ्यासात, रोज गांजा घेणाऱ्यांत भास आणि भ्रमाचा आजार, म्हणजे सायकोसिस, होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या तिप्पट आढळली. गांजा जहाल असेल तर जवळपास पाचपट. प्रत्येकाला होतो असं नाही, पण कुणाला होणार हे आधी कळत नाही.

ताई, त्याची दोनदा एंडोस्कोपी झाली. दोन्ही वेळा डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं, गांजाचं कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. सोमवारी त्याला घेऊन जाशील तेव्हा सगळ्यात आधी ते सांग.